कपाटातलं रांगेत

बाळ, नोकरीचे पहिले आठ दिवस ग्रंथालयात बसून घालवू नकोस. नव्या पुस्तकांची यादी, मासिकांचे अंक, दाखल नोंदवही, सगळं जागच्या जागी थांबेल. सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी खाली जा आणि रांगेशेजारच्या बाकावर बस. भिलाईत कोहका-कुरुद रस्त्यावरच्या तुमच्या दातांच्या दवाखान्यात कोण येतं ते बघ. कुरुदची भाजी विकणारी बाई येते, जामुलच्या सिमेंट कारखान्याकडचा ठेक्यावरचा मजूर येतो, नंदिनी रोडवरच्या वर्कशॉपमधला फिटर येतो, आणि बहुतेक जण दुखणं सोसवेनासं झाल्यावरच येतात. ही माणसं रांगेत एकमेकांना काय विचारतात ते ऐक आणि जसंच्या तसं वहीत उतरव. दाढ काढली तर नजर जाते का? दात साफ करून घेतले की हलायला लागतात म्हणे, खरं का? गुडाखू सोडलं तर सकाळी पोट कसं साफ होणार?

ग्रंथालयातून लोकांसाठी जे बातमीपत्र तू काढणार आहेस, त्याचे विषय हेच. माझी सारी नोकरी रुग्णालयाच्या ग्रंथालयात गेली आणि आता कुरुदला राहायला आल्यावर शेजारणी मला जे विचारतात तेही याच वहीत शोभेल असं असतं. बाहेर न्यायची बातमी रांगेतल्या प्रश्नापासून सुरू करायची आणि मग कपाटाकडे वळायचं. उलट्या वाटेने गेलं की ‘ग्रंथालयात नवे काय’ असा गुळगुळीत कागद निघतो, वरिष्ठ खूश होतात, आणि ज्याच्यासाठी काढला तो माणूस त्यावर बसून आपला नंबर यायची वाट बघतो.

डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसाठीही कागद लागतोच, पण त्यांचं काम सोपं आहे. निवासी डॉक्टरांचा प्रबंधाचा विषय ठरायच्या दिवसांत त्यांना भेट, त्यांच्या विषयावर पबमेडमध्ये नवा लेख आला की ईमेल येईल अशी सोय लावून दे, आणि दर महिन्याला प्रत्येक विभागाला त्यांच्या उपयोगाचे तीनच लेख सुचव. तीनाचे तीस केलेस तर कोणी एकही उघडणार नाही. एवढं केलंस की ती मंडळी तुझी होतात, आणि बाहेरच्या कामाला तुला त्यांची गरज लागणार आहे.

आता गुडाखूचं सविस्तर सांगते, कारण तुझ्या भागातली खरी बातमी तीच आहे. तंबाखू, गुळाचा पातळ राब, चुना, गेरूसारखी लाल माती आणि पाणी यांचं ते मिश्रण. बोटावर घेऊन हिरड्यांवर घासतात, सकाळी तर लागतंच, पुढे दिवसातून कितीदा तरी. आपल्या देशावरच्या आणि कोकणातल्या बायका मशेरी लावत आल्या, तेच व्यसन इथे ओल्या रूपात आहे. निकोटिनने दुखरी हिरडी थोडा वेळ बधिर होते, म्हणून बाईला वाटतं की यानेच दात टिकले. आतड्याची हालचालही वाढते, म्हणून सोडल्यावर दोन-चार दिवस पोट साफ होत नाही आणि ती परत डबीकडे वळते. तिचा अनुभव खोटा नाही, हे आधी मान्य कर. तुझ्या कागदावर पहिली ओळ ‘तंबाखू जीवघेणी आहे’ अशी असेल तर ती वाचणारच नाही, कारण तिने तंबाखू कुठे खाल्ली? ती तर दात घासते. पहिली ओळ अशी हवी की गुडाखूत तंबाखू असते. इथल्या कित्येक घरांत ही बातमीच आहे, खऱ्या अर्थाने नवी बातमी. दुसरी ओळ, सोडल्यावर पोटाचा त्रास होतो, तो काही दिवसांत जातो, तोवर सकाळी उठल्याबरोबर पाणी पी, जेवणात भाजी वाढव. तिसरी, एकटीने जमत नसेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी मदत क्रमांक आहे, फोन फुकट आहे.

आकडेही हाताशी ठेव, पण ते अधिकाऱ्यांसाठी. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधली 39.1 टक्के प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, देशाची सरासरी होती 28.6. कागद छापायला पैसे मागायला जाशील तेव्हा हे दोन आकडे पुढे कर. बाजारातल्या बाईला टक्केवारी सांगू नकोस. तिला तिच्याच हाताची तीन बोटं दाखव: तर्जनी, मध्यमा आणि अनामिका उभी जुळवून तोंडात घालता येतात का बघ. येत नसतील, तोंड उघडताना आखडत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर दवाखान्यात ये. “तोर मुँहू पूरा खुलथे का?” एवढा एक प्रश्न छत्तीसगढीत विचारायला शिक. तुझ्या मराठी वळणाच्या हिंदीपेक्षा तो लवकर पोचेल.

कपाटातला लेख रांगेपर्यंत कसा न्यायचा याचा माझा नेहमीचा दाखला केरळचा आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला आणि तो 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं नुसती उजेडात नीट तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे 34 टक्क्यांनी कमी झाले. हा लेख तुझ्या ग्रंथालयात कोणीही उघडू शकतं. पण कुरुदच्या बाईसाठी त्यातली बातमी एकाच वाक्याची आहे: तोंड वेळेवर दाखवलं तर जीव वाचतो, आणि दाखवायला मशीन लागत नाही. डॉक्टरांसाठी बातमी वेगळी: शिबिरात कवळी आणि दात काढण्याच्या यादीआधी तोंडतपासणी ठेवा. लेख एक, बातम्या दोन. प्रत्येक लेख हातात घेतलास की विचार, ही कोणाच्या उद्याच्या कामाला येईल? उत्तर मिळालं नाही तर तो लेख कपाटातच बरा.

कागदाबद्दल. एका कागदावर एकच गोष्ट. अक्षर मोठं, सोळा पॉइंटच्या खाली जाऊ नकोस, कारण रांगेतल्या निम्म्या माणसांनी चष्मा घरी ठेवलेला असतो आणि उरलेल्यांनी तो कधी करूनच घेतलेला नसतो. भाषा हिंदी, आणि जिथे जमेल तिथे छत्तीसगढी. भिलाईत पोलाद कारखान्यामुळे तेलुगू, ओडिया, मल्याळी, बंगाली, आपली मराठी, सगळी घरं आहेत. पण दोन ओळींचं चित्र चांगलं असेल तर सहा भाषांत छापायची गरज पडत नाही. छापण्याआधी कागद दवाखान्यातल्या आयाबाईंना किंवा वॉर्डबॉयला मोठ्याने वाचायला दे. जिथे ते अडखळतील तिथे शब्द बदल. मग ‘कळलं का?’ असं विचारू नकोस, सगळे होच म्हणतात. ‘घरी जाऊन सुनेला काय सांगाल?’ असं विचार. पावसाळ्यात जुलाबाचा कागद काढशील तेव्हा हे फार लागेल. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण घरात लिटर कशाने मोजायचा? लोटा प्रत्येक घरी वेगळा. म्हणून कागदावर पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचं चित्र काढ, चमचा चहाचा दाखव. मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो, तेव्हा या चित्रात कंजुषी नको. आणि मितानिनकडे, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकेकडे, ओआरएसची पुडी मिळते हे त्याखाली लिही, पुडी केव्हाही जास्त भरवशाची.

मितानिनशी मैत्री कर. बाहेरच्या कामाचा अर्धा भार त्या बायका उचलतात. मितानिनांचा कार्यक्रम छत्तीसगडने 2002 मध्ये सुरू केला, देशभरच्या आशा सेविका त्यानंतर, 2005 पासून आल्या. शहरी वस्त्यांतही मितानिन आहेत. तिच्याकडे गठ्ठा टाकून येऊ नकोस. तिच्या बैठकीला जा, शेवटची दहा मिनिटं माग, एकच गोष्ट सांग, तिचे प्रश्न वहीत घे आणि पुढच्या बैठकीला उत्तर घेऊन जा. उत्तर घेऊन परत येणारी माणसं त्यांनी फार कमी पाहिली आहेत. एकदा का त्यांना पटलं की ही पोरगी परत येते, की मग तुला कोणाच्या ओळखीची गरज नाही.

दिवस बघून जा. सरकारी दिनदर्शिकेत 31 मे हा तंबाखूविरोधी दिन असतो, पण त्या उन्हात भर दुपारी चौकात सभा ठेवलीस तर तुझ्याच महाविद्यालयाची मुलं टोप्या घालून उभी राहतील, बाकी कोणी येणार नाही. तो दिवस रुग्णालयाच्या आत साजरा कर, बाहेरचं काम सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. तीजाच्या आठवड्यात बायकांची बैठक धरू नकोस. आपली हरितालिका ती इकडची तीजा, लेकीसुना माहेरी गेलेल्या असतात, वस्ती रिकामी असते. त्याऐवजी तीजाच्या आधीच्या आठवड्यात जा, म्हणजे तुझा कागद त्यांच्याबरोबर त्यांच्या माहेरच्या गावी पोचतो. धानाच्या रोपणीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांत जायचं तर बांधावर उभं राहून बोलायची तयारी ठेव. आठवडी बाजार मात्र बारा महिने तुझा. राज्याने 2 ऑक्टोबर 2019 ला हाट-बाजार क्लिनिक सुरू केली ती हेच ओळखून, की माणूस दवाखान्यात जायला रोजी बुडवत नाही, पण बाजाराला येतोच. तुमच्या पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री विभागाची शिबिराची गाडी निघते तेव्हा एक जागा मागून घे. डॉक्टर दात बघत असताना बाहेर ताटकळणाऱ्या माणसांशी बोलायचं काम कोणाकडेच नसतं. ते तू घे.

पुस्तकं घेऊन लोकांकडे जाणं ही कल्पना काही आजची नाही. 1931 साली तमिळनाडूत मन्नारगुडीकडे बैलगाडीतून फिरतं ग्रंथालय सुरू झालं, आणि रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियमही त्याच सालचे. परीक्षेसाठी ते तू पाठ केलेस. आता गाडीत बसून बघ.

डेंग्यूचं वेगळं सांगते, दातांच्या रुग्णालयाचा तो विषय नाही म्हणून सोडून देऊ नकोस. 2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूने माणसं गेली, त्यात मुलं होती, खुर्सीपार वस्तीचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. साथ आल्यावर छापलेला कागद उशिराचा असतो. तुझा कागद जूनच्या पहिल्या पावसाआधी निघायला हवा, आणि त्यावर भिलाईचा कूलर हवा. उन्हाळा संपला की कूलर खिडकीतच राहतो आणि तळाला पाणी साचतं. एडिस डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढायचं. नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून टाकी घासायची. ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही शेवटची ओळ दातदुखीच्या रुग्णासाठी तर सोन्याची आहे, कारण दात दुखला की दुकानातून आणतात त्या गोळ्या बहुतेक याच जातीच्या असतात. आता सांग, हा दातांच्या रुग्णालयाचा विषय आहे की नाही?

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तीन गोष्टी असतील असा दंडक घालून घे: कोणत्या विभागाने तपासला, कोणत्या तारखेला, आणि शंका असेल तर कुठे विचारायचं. विभागप्रमुखाची सही फाइलवर घे. सही मिळायला वेळ लागला तरी थांब; ग्रंथपालाने स्वतःच्या अकलेने वैद्यकीय सल्ला छापायचा नाही. वर्षाने तोच कागद पुन्हा तपासून घे आणि जुने भिंतीवरून स्वतःच्या हाताने काढ. छापील गोष्टीवर लोकांचा फार विश्वास असतो, म्हणून आपली जबाबदारी मोठी. लॅन्सेटसारख्या नियतकालिकातही 1998 मध्ये गोवरच्या लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध लावणारा वेकफिल्डचा लेख आला, तो मागे घेतला गेला 2010 मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी लस टाळली असेल. म्हणून एकट्या अभ्यासावर कधी कागद काढू नकोस. पाठ्यपुस्तकात ते आलं आहे का बघ, जबलपूरहून निघणारं पार्कचं सामाजिक वैद्यकाचं पुस्तक उघड, आणि लेख मागे घेतलेला नाही ना याची खूण पबमेडवर तपास. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवशील तेव्हा तारीख चित्राच्या आतच लिही, बाहेरचा मजकूर दुसऱ्या फॉरवर्डला गळून पडतो.

लोक तुला डॉक्टर समजतील, ग्रंथालयाच्या दारात उभं राहून तोंड उघडून दाखवतील. त्यांना घालवून देऊ नकोस आणि निदानही करू नकोस. कोणत्या खोलीत जायचं ते सांग, शक्य झालं तर सोबत चाल. कोणी आजाराबद्दल वाचायला मागितलं तर त्याच्या समजेचं दे; डेव्हिड वर्नरचं ‘जहाँ डॉक्टर न हो’ हिंदीत आहे, ते हाताशी ठेव. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी 1997 साली रुग्णांसाठी मोफत आरोग्य ग्रंथालय काढलं ते याच विश्वासावर, की आजारी माणसाला आपल्या आजाराबद्दल वाचायचा हक्क आहे. तुझ्याकडे वेगळं ग्रंथालय काढायची जागा नसेल. एक टेबल माग, दाराजवळ, आणि तिथे ओळखपत्र विचारू नकोस.

आणि कोणी काय वाचलं ते कोणालाही सांगायचं नाही. क्षयाचं, एचआयव्हीचं, तोंडाच्या गाठीचं पुस्तक कोणी मागितलं ही गोष्ट तुझ्या ओठांवर येता कामा नये, त्याच्या घरच्यांसमोर तर नाहीच. कुरुद एवढं मोठं नाही की बोललेलं विरून जाईल. शिबिराचे फोटो काढशील, त्यात रुग्णाचा चेहरा नको, उघडं तोंड तर मुळीच नको. बरं झालेल्या माणसाने स्वतःहून ‘माझं नाव छापा’ म्हटलं तरी घरी जाऊन विचार करायला वेळ दे आणि मग लेखी घे.

पैशांची तक्रार करत बसू नकोस, आणि मोठं मासिक काढायचं तर मनातही आणू नकोस. आपल्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्यासारख्या ठिकाणाहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं, इकडच्या पत्रकारितेचा पाया घातला, तरी ते तीन वर्षांत बंद पडलं. सप्र्यांची उमेद तुला असो, पण तुझं काम वेगळं आहे. महिन्याला एक कागद, काळ्या शाईत, कार्यालयाच्या यंत्रावर काढलेला, पण बारा महिने न चुकता. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभं केलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी आरोग्यशिक्षण हे औषधाइतकंच रुग्णालयाचं काम मानलं. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या माणसांनी हे केलं आहे, तर तुला एक रीम कागद मिळवता येईल.

कागद लावायचा कुठे? ग्रंथालयाच्या दारावर नको, तिथे आपलीच माणसं येतात. औषधाच्या खिडकीशेजारी लाव, एक्स-रेच्या बाकासमोर, सायकल स्टँडवर, चहाच्या टपरीवर त्याला विचारून. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उभ्याच्या नाही.

पहिला कागद ‘दाढ काढली तर नजर जाते का?’ यावर काढ. गुडाखू मोठा विषय आहे, त्याआधी लोकांना तुझ्या शब्दाची खात्री पटू दे, आणि वहीत हा प्रश्न सगळ्यात वर असेल हे मी आत्ताच सांगते. वरच्या दाढेची संवेदना नेणारी नस त्रिधारा मज्जातंतूची फांदी आहे, दिसतं ते वेगळ्याच मज्जातंतूने, दोघांचा संबंध नाही, म्हणून दाढ काढल्याने नजर जात नाही. मग लोकांना तसं का वाटतं? चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं आणि त्याच वयात दाढा काढायची वेळ येते. हे दुसरं वाक्य गाळू नकोस. त्याशिवाय पहिलं कोणी मानणार नाही. सोमवारी हा कागद तपासून घ्यायला मुखशल्य विभागात घेऊन जा, दुपारनंतर, सकाळी त्यांना श्वास घ्यायला सवड नसते.